दरीकाठचं टेनिस

करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं, आणि नसीमच्या हातातली रॅकेट आपोआप खांद्यावर गेली.

"माझ्या मागं या. सगळे. पळायचं नाही..."

पोरं आधीच तिच्या साडीला येऊन चिकटली होती. खंडाळ्यात त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. आलामायच्या बंगल्यावरचा कुत्रा वाघरानं भर संध्याकाळी व्हरांड्यातून उचलून नेला होता. सकाळी त्याचा नुसता पट्टा सापडला. त्याच बंगल्याच्या मागं हे टेनिसचं कोर्ट. एका बाजूला बंगला, दोन बाजूंना सिल्व्हर ओकची झाडं आणि चौथ्या बाजूला तारेचं कुंपण. कुंपणापलीकडं करवंदी, आणि करवंदीपलीकडं – दरी.

जाळी पुन्हा खसखसली. आधी एक काळी छत्री बाहेर आली. मग काळी टोपी. मग टोपीखालचा उंच, सावळा माणूस, एका हातात दोन चेंडू धरून.

त्यानं उगारलेल्या रॅकेटकडं पाहिलं.

"मारणारच असाल तर डाव्या हातावर मारा. उजव्यानं मला तारा पाठवायच्या असतात."

पोरं खदखदून हसली. नसीमला हसू आलं नाही.

"तुम्ही तिकडून कसे आलात? त्या बाजूला कोणी जात नाही."

"स्टेशनवरून पाऊलवाट आहे. मी युनूस, नवा तारबाबू. वाटेत हे चेंडू दिसले, म्हटलं ज्यांचे त्यांना द्यावे." तो कुंपणाशी येऊन थांबला. "आणि एक विचारायचं होतं... माझ्या भावाची मुलगी आहे. सहा वर्षांची. तिला शिकवाल? सगळ्याची भीती वाटते तिला. बाहेरच पडत नाही."

"तिला टेनिसचीही भीती वाटेल."

"वाटू द्या. तुम्हालाही वाटते की."

"मला? मला नाही कसली भीती वाटत."

"बरं," तो गंभीरपणे म्हणाला, "मग आता रॅकेट खाली घ्या."

ती अजून खांद्यावरच होती. नसीमनं ती झटकन खाली घेतली, आणि तिचे कान तापले.

नसीमचे अब्बा बद्रुद्दीन खंडाळ्याच्या बाजारात वेताच्या खुर्च्या विणत. निम्म्या बंगल्यांतल्या आरामखुर्च्या त्यांच्या हातच्या. नसीमची आई ती लहान असतानाच तापानं गेली. मग अब्बांनी तिला पुण्याला मुलींच्या शाळेत, बोर्डिंगात ठेवलं. तिथल्या मॅडमनी तिच्या हातात पहिल्यांदा रॅकेट दिली. शाळा संपवून ती परत आली तेव्हा आलामायनी अब्बांना बोलावून विचारलं, "तुमची डीकरी इथल्या पोरांना शिकवशे का?" आलामाय पारशी, एकट्या, आणि त्यांना रिकामं कोर्ट बघवत नसे. तेव्हापासून बंगल्यांतली, स्टेशनवरची, बाजारातली पाचसात पोरं रोज दुपार कलली की जमत.

बाजारात कुजबुज होतीच. मुलगी साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून पळते म्हणजे काय! अब्बा काही बोलत नसत. पण रोज घरातून निघताना नसीमला वाटायचं – आज कोणी काही बोलेल, आज अब्बा नको म्हणतील...

दुसऱ्या दिवशी युनूस पुतणीला घेऊन आला. तिचं नाव परवीन. काडीसारखे हातपाय, आणि डोळे सारखे कुणाच्या तरी मागं लपायची जागा शोधणारे. तिचे आईवडील पटकीच्या साथीत एकापाठोपाठ गेले होते. आता घरात आजी रोशनबी आणि चाचा, एवढंच.

चेंडू दिसला की परवीन डोळे घट्ट मिटून घ्यायची. रॅकेट तिच्या हातात ढालीसारखी तोंडापुढं.

नसीमनं रॅकेट काढूनच घेतली. ती शेणानं सारवलेल्या कोर्टवर परवीनसमोर फतकल मारून बसली आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडला. परवीननं तो थांबवला. परत घरंगळत पाठवला. असे काही दिवस नुसतं घरंगळणंच. मग एक हलका टप्पा. मग दोन्ही हातांनी झेल.

"पडला की मोठ्यानं 'टप्पा' म्हणायचं. म्हणजे तो कुठं पडला ते बघावंच लागतं. बघ, डोळे मिटून म्हणताच येत नाही."

"आणि अंगावर आला तर?"

"तर लागेल थोडं. मग आपण दोघी मिळून त्याला शिव्या देऊ."

परवीन तोंडावर हात ठेवून हसली. कुंपणाशी उभा असलेला युनूस मात्र हसला नाही. तो नसीमकडं बघतच राहिला. तिच्या ते लक्षात आलं, आणि पुढचे दोन चेंडू तिच्याकडूनच सुटले.

"बाई, टप्पा म्हणा की!" तो म्हणाला.

मग ते रोजचंच झालं. ड्यूटी नसेल तेव्हा तो परवीनला न्यायला वेळेच्या बराच आधी यायचा. कधी गरम शेंगा आणायचा, कधी स्टेशनातल्या गमती. नसीम तोंडानं म्हणायची, "पालकांनी कुंपणाबाहेर थांबायचं असतं." तो लगेच एक पाऊल मागं घ्यायचा... आणि उद्या पुन्हा दोन पावलं पुढं.

पण ज्या दिवशी तो यायचा नाही त्या दिवशी तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. गाडी घसरली असेल का? तो त्या पाऊलवाटेनं निघाला असेल, आणि वाटेत ते... कोर्ट सारवायला येणारी मुक्ताबाई तर रोज नवीन काही सांगायची.

"काल म्हसोबाच्या वढ्यात पावलं व्हती, बाई. ही एवढी! वाघरू हितंच हाय कुटं तरी. पोरं संबाळा."

नसीम पोरं सांभाळत होती. चेंडू कुंपणापलीकडं गेला की गेला, कुणी आणायला जायचं नाही, असं तिनं सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. पण आलामाय चेंडू हरवले की पोरांवर ओरडायच्या. विलायतेहून येतात, म्हणायच्या, झाडाला लागत नाहीत.

सप्टेंबर सरत आला होता. त्या दिवशी आकाश उघडं होतं, कोर्टवर उतरतं ऊन होतं. पोरं भिंतीवर चेंडू मारत होती. युनूस कुंपणाशी आला आणि आज काही थट्टा न करता उभा राहिला.

"मी मुंबईला बदली मागितली होती. आज साहेबांना सांगितलं, नको म्हणून."

"का? मुंबई म्हणजे मोठं स्टेशन."

"इथली हवा मानवली."

"आईंना?"

"नाही. मला." तो तारेला धरून थोडा पुढं झुकला. "नसीमबाई, हवा असं मी म्हणतो, पण..."

तिनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत तिला एवढं स्पष्ट दिसलं की तिला पळून जावंसं वाटलं, आणि पाय हलेनात. ती बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. गालाला गार ओल लागली तेव्हा ती भानावर आली.

दरीतून धुकं वर आलं होतं. कुंपण गेलं. झाडं गेली. समोरचं नेटसुद्धा दिसेना.

"पोरांनो! इकडं या! माझ्याजवळ!"

पावलं धावत आली. ती एकेकाच्या डोक्याला हात लावत गेली. आणि तिचा हात हवेत राहिला.

"परवीन कुठंय?"

एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "तिचा चेंडू तारेखालून गेला, बाई..."

नसीमला पुढचं ऐकूच आलं नाही. मुक्ताबाईनं पोरांना व्हरांड्यात नेलं, एक कंदील नसीमच्या हातात दिला. युनूस केव्हाच करवंदीत घुसला होता. त्याची हाक धुक्यात फुटत होती – "परवीन! परवीऽऽन!" त्या आवाजात इतकी भीती होती की तो रागावल्यासारखा वाटत होता.

काटे साडीत अडकत होते. नसीमनं पदर ओढला, तो फाटला. दोन हातांपलीकडं काही दिसत नव्हतं. पायाखाली गवत, मग चिखल, मग निसरडा दगड... आणि एका पावलापुढं काहीच नाही. ती मागं कोसळली. एक दगड तिच्या पायानं सुटला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

तेवढ्यात डावीकडं कुणीतरी खोकलं. माणसाचं खोकणं नव्हतं ते. करवतीनं लाकूड ओढावं तसं, दोनदा.

युनूस धडपडत तिच्याजवळ आला. त्याला ते ऐकू आलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो पुन्हा ओरडायला गेला, तोच नसीमनं त्याचं मनगट धरलं.

"हाका मारू नका."

"काय बोलता! ती–"

"ती इथंच असेल, आणि गप्प बसली असेल. ओरडतात म्हणजे रागावलेत, एवढंच तिला कळतं. मी तिला ओळखते. जरा थांबा... माझ्यासाठी थांबा."

ती ओल्या दगडावर फतकल मारून बसली, कोर्टवर बसायची तशी. कंदील पुढं ठेवला. तिचे दात वाजत होते. ते तिनं एकमेकांवर आवळून धरले आणि मग अगदी रोजच्या आवाजात बोलायला लागली.

"परवीन, चेंडू हरवला ना? हरवू दे. मीसुद्धा पुण्यात कितीतरी हरवले. मॅडम मला फक्त एवढंच म्हणायच्या, पुरे झालं, चला दूध प्यायला. मी रागावले नाहीये गं. चाचाही रागावला नाही. तो घाबरलाय. बघ, किती मोठा माणूस, आणि कसा थरथरतोय..."

धुकं हलत नव्हतं. तिकडं जाळीत काहीतरी घासत गेलं. युनूसनं छत्री काठीसारखी धरली आणि तो नसीमच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये उभा राहिला. नसीम बोलतच होती. आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"...आलामाय ओरडतील," खालून आवाज आला. अगदी बारीक. पायांखालून.

दगडाच्या खाली, पुरुषभर खोलीवर, एका झुडपाच्या बेचक्यात परवीन अडकून बसली होती. खाली नुसतं पांढरं. युनूस पालथा पडला, हात पुरेना. नसीमनं फाटलेला पदर पुरता फाडून झाडाच्या मुळीला पिळून बांधला, त्याला धरून ती कडेवरून खाली उतरली. युनूसनं तिचा दुसरा हात धरला होता. तो हात सुटला तर... तिनं तो विचार पुरा केला नाही. परवीनचे गार हात तिच्या मानेभोवती आले, आणि वरून युनूसनं दोघींना ओढून घेतलं. तिघंही चिखलात एकमेकांना घट्ट धरून कितीतरी वेळ पडून राहिली. जाळीतला आवाज हळूहळू ओढ्याकडं गेला.

त्या रात्री नसीमला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ती कोर्टवर गेली नाही. तिसऱ्याही नाही. आलामायनी माणूस पाठवला, तिनं दार उघडलं नाही. डोळे मिटले की तिचा हात हवेत राहायचा, जिथं परवीनचं डोकं असायला हवं होतं तिथं. मी कुठं बघत होते? मी कुणाकडं बघत होते?

चौथ्या दिवशी दुपारी घराला लागून असलेल्या दुकानाच्या पायरीवर युनूस दिसला. अब्बा आत वेत भिजवत होते. नसीम उंबऱ्यात उभी राहिली. आता हा दोष देणार, आणि द्यायलाच हवा त्यानं.

"परवीनला ताप होता," तो म्हणाला. "आज उतरला. सकाळपासून विचारतेय, बाई का येत नाहीत."

"मी नाही येणार. माझं लक्ष नव्हतं, युनूसमियाँ. पोरं माझ्या भरवशावर होती, आणि मी... तुमच्याकडं बघत होते. ती गेली असती. माझ्या बघण्यापायी गेली असती."

"मग अर्धा गुन्हा माझा. मीही कुंपणाकडं बघायचं सोडून तुमच्याकडंच बघत होतो."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही." त्यानं टोपी काढून हातात घेतली. बोटं तिची कड चाचपत होती. "भाऊ गेला तेव्हापासून मला रोज वाटतं, आज हिला काही होईल. तारयंत्र वाजलं तरी दचकतो. त्या दिवशी दगडावर तुम्ही बोलायला लागलात ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं... ही भीती एकट्यानं ओढायची गरज नाही."

आत वेत पाण्यात बुडाल्याचा आवाज आला, आणि मग थांबला. अब्बा ऐकत होते.

"मला अजून भीती वाटते," ती शेवटी हळू म्हणाली. "खूप. आता तर जास्तच. आधी माझ्याकडं हरवण्यासारखं एवढं नव्हतं..."

युनूसनं एकदम वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला कळलंय."

"कळलंय. पण तारबाबू मजकूर परत वाचून घेतो."

तिला रडताना हसू आलं. तिनं पदरानं डोळे टिपले. तो पदर नवा होता, कडक, त्यानं डोळे आणखीच झोंबले.

"नसीमबाई... आईला पाठवू? तुमच्या अब्बांकडं? आज?"

तिनं मागं वळून पाहिलं. अब्बा ओले हात पुसत, तिच्याकडं न बघता, दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची पुढं ओढून ठेवत होते.

"पाठवा," ती म्हणाली. "पण त्यांना म्हणावं, धुकं वर यायच्या आत या. आणि तुम्ही... तुम्ही त्यांचा हात धरून आणा."