मधले दहा

कापूरहोळच्या फाट्यावर माझी भोरची एसटी चुकली, आणि समोर एक टेम्पो येऊन थांबला. मागच्या फळीवर, जिथं लोक आईचा आशीर्वाद लिहितात, तिथं नुसता आकडा... १२३४५६७८९८७६५४३२१. खाली झोकात – ‘मूळ संख्या. कुणाच्या बापाला फुटायची न्हाई!’

मी भोरच्या कॉलेजात गणित शिकवते. मला कुठलं राहवतंय!

“हा फुटतो,” मी म्हणाले.

ड्रायव्हर चहाचा कप घेऊन वळला. सावळा, डोळे हसरे... “कशानं वो?”

“नऊ वेळा एक लिहा. त्याला त्यानंच गुणा.”

आतापर्यंतची तीन स्थळं मी अशाच जागी नाकारली होती. चूक दाखवली की गडी एक तर आवाज चढवतो, नाहीतर घड्याळ बघतो. तसल्याबरोबर जन्म काढायचा नाही, हे माझं ठरलेलं होतं. आणि रविवारी चौथं स्थळ येणार होतं.

याने मात्र कप ठेवला, टेम्पोच्या धुळीवर बोटानं गुणाकार मांडला आणि खो खो हसत सुटला.

“फुटला की! आवो, मधले दहा कुठं गेले? म्या कागदावर लिवले हुते. सावळाराम पेंटरनं गाळले, संगट येक नऊबी खाल्ला... म्हनला असंल, समदे एकेक आन् हे एकच दोन आकडी, गोरखचं चुकलंय!”

“दहा घातले की नाही फुटत?”

“न्हाई. दहापत्तुर चढायचं, मग उतरायचं. एकानं भाग जातो, सवताच्या सवतानं जातो, बाकी कुनाचं चालत न्हाई. पर म्या बीएस्सीला वाचलेलं सांगतोय हां, तपासलेलं न्हाई.”

तपासलेलं नाही – असं आपणहून सांगणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते. भोरपर्यंत मी त्याच्याच टेम्पोतून गेले. खूप बोललो. खरं सांगायचं तर मला तो तिथंच आवडला.

शुक्रवारी कॉलेज सुटलं, तर फाटकाबाहेर टेम्पो उभा! नवाच्या पुढं, ओल्या लाल रंगात, दाटीवाटीनं बसवलेले दहा आणि राहिलेला दुसरा नऊ. गोरखच्या हातात ब्रश.

“तपासलं का, शेफालीम्याडम?”

“कॉम्प्युटरवर तपासलं. नाही फुटत. आणि अकरा, बारा असं पुढं चढत गेलं, तर दोन हजारांपर्यंत असा दुसरा सापडत नाही.”

“मग... ह्योच धरून ठेवावा,” तो हळूच म्हणाला. बघत होता माझ्याकडं.

मी ठामपणे म्हणाले, “गोरख, रविवारी मला बघायला पुण्याचं स्थळ येतंय. मला ते नकोय, तुम्ही हवे आहात. उद्याच घरच्यांना घेऊन या. माझ्या वडिलांशी मी बोलते.”

आंबवड्याचा हा बोलका गडी हसला.

“आन् जलमभर माज्या चुका काडत बसलीस तर?”

“काढीनच.”

त्यानं ब्रश माझ्या हातात दिला. “मग ह्यो तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे.”