अर्धा आटा ढिला

भागूबाई स्वतःच्याच चष्म्यावर बसली, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दाराची बेल वाजली तरी हिच्या पोटात गोळा, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. आणि अशा मुलीने संशोधन कशावर करावं? तर भीतीवर! आई म्हणायची, “घरात एवढा माल पडलाय, बाहेर कशाला शोधतेस?”

तर मोडका चष्मा तिने विद्यापीठातल्या तिच्या विभागाच्या खालीच असलेल्या चष्म्याच्या दुकानात टाकला. संध्याकाळी तो घेऊन चष्मेवाला स्वतःच वर आला. बिनचष्म्याच्या भागूबाईला दारात नुसता उंच, धूसर आकार दिसला. ती किंचाळलीच.

“अहो, चष्मा आणलाय... सुरी नाही!” आकार म्हणाला.

तिने चष्मा चढवला आणि आकाराला चेहरा फुटला. चांगला होता हो चेहरा. आणि तिला प्रयोगासाठी नेमका एक चेहरा कमी पडत होता.

“तुमचा चेहरा... मिळेल का?”

“कायमचा? की वापरून परत देणार?”

“फोटो हो! फक्त त्यावर कसलाही भाव नको. राग नको, हसू नको.”

“म्हणजे रांगेत उभा असल्यासारखा?”

“हं, अगदी तसाच.”

तो पांढऱ्या पडद्यासमोर बसला आणि फिस्सकन हसला. पुन्हा बसला, पुन्हा हसला. “तुम्ही माझ्याकडे बघू नका ना... मग जमेल.”

“मी बघितलं नाही तर फोटो कोण काढणार?”

शेवटी एक शांत फोटो मिळाला. निदान तिला तरी तो शांत वाटला. असा चेहरा आधी परक्या माणसांना दाखवून पारखून घ्यायचा असतो; हिने घाईघाईत तसाच प्रयोगात घातला.

प्रयोग साधा. पडद्यावर क्षणभर दोन चेहरे येतात, एक रागीट आणि एक शांत. ते गेले की एकाच्या जागी ठिपका उमटतो. दिसताच बटण दाबायचं. जिवाला सतत घोर लागलेल्या माणसाची नजर आधीच रागीट चेहऱ्यावर गेलेली असते, म्हणून तिथला ठिपका त्याला चटकन सापडतो. दारू-सिगारेटच्या आहारी गेलेल्यांना पेल्याचे नि पाकिटाचे फोटो दाखवायचे. त्यांची नजर तिकडे धावते. थोडक्यात काय, ज्याची धास्ती तिकडे डोळा जातो, आणि ज्याची चटक लागली तिकडेही.

यंत्र नीट चालतंय ना, हे भागूबाई रोज सकाळी स्वतः बटण दाबून बघायची. रागीट चेहरे राहिले बाजूला, ठिपका चष्मेवाल्याच्या जागी आला की हिचं बोट सगळ्यात आधी पडायचं. रोज! आता ही धास्ती म्हणायची की चटक? नजर गेली एवढं यंत्र सांगतं. का गेली, ते विचारायची सोय त्यात नाही. बिचारी पार गोंधळून गेली.

त्यात चष्म्याची काडी सारखी निखळायची. ती खाली जायची, तो बारीक पेचकस घेऊन स्क्रू आवळायचा, आणि तेवढ्यात दोघांच्या अर्धा तास गप्पा व्हायच्या.

एक दिवस स्क्रू आवळता आवळता तो म्हणाला, “शनिवारी दुकान हलवतोय. नदीपलीकडे. त्याआधी तुम्हाला एक... जाऊ दे. नंतर सांगतो.”

झालं! काळजीखोर मन अर्धं वाक्य नेहमी वाईटच पुरं करतं, हे भागूबाईने स्वतः प्रबंधात लिहिलं होतं. पण दिव्याखाली अंधार! जिना चढेपर्यंत तिने त्याचं लग्न ठरवून टाकलं होतं. आमंत्रणच द्यायचं असणार, दुसरं काय? त्या दिवसापासून ती मागच्या जिन्याने ये-जा करू लागली. काडी चिकटपट्टीने चिकटवली. आणि रात्रभर रडली, हेही सांगून टाकते.

शनिवारी मॅडमनी बोलावलं. तिच्या मार्गदर्शक त्या; बोलणं तिखट, नजर त्याहून.

“हा चेहरा न पारखता कुणी घातला?”

“मी... घाईत...”

“मी दाखवला लोकांना. एकही जण याला शांत म्हणत नाही. सगळे म्हणतात, समोरच्या माणसावर याचा जीव जडलाय. कॅमेऱ्यामागे कोण होतं गं?”

“मी... होते.”

मॅडमनी तिच्या चिकटपट्टीकडे पाहिलं. “चेहरा बाद. आणि तो चष्मा आजच नीट करून घे. खाली सामान निघालंय.”

ती धावतच खाली गेली. दुकानात खोकी भरलेली, कपाटं रिकामी. तो शेवटचा आरसा कागदात गुंडाळत होता.

“तुमचा चेहरा... बाद झाला,” ती धापा टाकत म्हणाली.

“का? हसलो होतो?”

“नाही. लोक म्हणतात... तुमचा जीव जडलाय. समोरच्यावर. पण तेव्हा तर आपली ओळखही नव्हती!”

त्याच्या हातातला कागद खाली पडला. “तुमची नव्हती. माझी होती. रोज सकाळी माझ्या काचेसमोर थांबून तुम्ही केस सारखे करता, स्वतःलाच धीर देता... ‘काही होत नाही गं, जा वर.’ ती काच बाहेरून आरशासारखी, पण आतून आरपार दिसतं.”

“अगं बाई!” तिने तोंड झाकलं. “मग... लग्न कुणाशी ठरलंय?”

“कुणाचं लग्न?”

“तुमचं! ते ‘एक... जाऊ दे’...”

“ते होय? कबुली द्यायची होती.” तो कानापर्यंत लाल झाला. “स्क्रू पुरता आवळत नव्हतो मी. दर वेळी अर्धा आटा ढिला ठेवायचो. म्हटलं, निखळला की याल परत.”

भागूबाईला हसावं की रडावं कळेना. “मला भीती वाटतेय हो,” ती म्हणाली. “अजूनही.”

“मलाही. मिळून घाबरू या की.”

त्याने हलकेच तिचा चष्मा काढला, चिकटपट्टी सोडवली आणि पेचकस लावला. “आता पक्का आवळून देतो. पुन्हा निघणार नाही.”

समोर पुन्हा तोच धूसर आकार. या वेळी ती किंचाळली नाही. चाचपडत तिने त्याचा हात धरला.

“नको,” ती म्हणाली. “अर्धा आटा ढिलाच ठेव. नदीपलीकडे यायला मला काही कारण नको का?”