स्केरावोची शेवटची बाटली

फोन आला तेव्हा सार्जंट थोरा हेडल खिडकीशी उभी राहून बोटीकडे बघत होती. बोट धक्क्यालाच बांधलेली होती. वारा पडायचं नाव घेत नव्हता, आणि तो पडल्याखेरीज बेटावरून कोणी हलणार नव्हतं. थोराची लेक तिकडे ॲबर्डीनच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल झालेली, आणि आई इकडे बेटावर अडकलेली. कालपासून ती चौकीत नुसत्या येरझारा घालत होती.

"थोरा, असशील तशी ये," हॉटेलवाला मॅग्नस ड्रेव्हर म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "स्केरावो फुटली."

थोराने टोपी उचलली. आणखी काही विचारायची गरजच नव्हती.

स्केरावोची भट्टी बंद पडून दोन पिढ्या लोटल्या होत्या. तिथल्या व्हिस्कीची एकच बाटली जगात उरली होती, आणि ती बेला फाउबिस्टरच्या कपाटात होती. गेल्या हिवाळ्यात बेलाकाकू गेल्या. जाताना बाटली शुक्रवारच्या मंडळींच्या नावे करून गेल्या. अट अशी की विकायची नाही. आपण गेल्याला वर्ष झालं की सगळ्यांनी मिळून उघडायची आणि प्यायची. ते वर्ष आज भरत होतं. संध्याकाळी बाटली उघडणार होते. मोठ्या बेटावरून वर्तमानपत्राचा माणूसही येऊन राहिला होता.

शुक्रवारची मंडळी म्हणजे चौघंच. मॅग्नस, शाळेचे निवृत्त हेडमास्तर सँडी इस्बिस्टर, गुरांची डॉक्टर इंगा लिंकलेटर आणि खेकडे धरणारा डॉड रेंडल. दर शुक्रवारी मॅग्नसच्या हॉटेलातल्या मागच्या खोलीत ते जमत आणि आपापल्या बाटलीतलं एकमेकांना पाजत. बाकीचे दिवस फोनवर गप्पा. त्यांच्या ग्रुपचं नावच होतं, 'आत्ता ग्लासात काय?' रोज संध्याकाळी प्रत्येकाने फोटो टाकायचा आणि चव कशी लागली ते लिहायचं. त्यात सँडीसरांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्यांच्या नाकाची ख्याती पार मोठ्या बेटापर्यंत पोचली होती.

थोरा स्वतः प्यायची नाही. पण वडिलांच्या कोटाला येणारा व्हिस्कीचा वास तिला अजून आठवायचा.

मागच्या खोलीत कोळशाचा धूर आणि लाकडाच्या पॉलिशचा वास कोंडला होता. काचेचं कपाट सताड उघडं होतं. दगडी फरशीवर तपकिरी थारोळं, त्यात काचा. हॉटेलचं मांजर कडेकडेने ते चाटत होतं.

"हट्!" मॅग्नसने त्याला पायाने ढकललं. "काच जाईल पोटात, मूर्खा!"

सँडीसर खुर्चीत बसले होते. अंगावर कोट तसाच, हात गुडघ्यांवर.

"तुम्ही पाहिलंत आधी, सर?"

"हो. ग्लास मांडून ठेवावेत म्हणून सकाळी आलो. दार ढकललं आणि वासाने मला मागेच रेटलं गं, थोरा." त्यांनी डोळे मिटले. "आधी धूर. मग मध. आणि खालून जुन्या चामड्याचा वास. डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हाच कळलं, की संपलं सगळं."

"कपाटाची किल्ली?"

"घड्याळावर. नेहमीची जागा. साऱ्या गावाला माहीत आहे."

"आणखी कोण होतं इथे?"

"कोणी नाही. मांजर होतं."

थोरा वाकली. बाटलीचा गळा घरंगळत खुर्चीखाली गेला होता. बूच जागच्या जागी, त्यावर लाल लाखेची टोपी. लाखेला साधी चीरही नव्हती. मधोमध अंगठा दाबल्यासारखा खळगा होता. तिने तो तुकडा रुमालात गुंडाळला. मग बोट थारोळ्यात बुडवून नाकाशी नेलं आणि पुसून टाकलं.

स्वयंपाकघरात मॅग्नसने तिच्यापुढे सातूची भाकरी आणि चीज ठेवलं.

"खा काहीतरी. वादळात पोलिसांनाही पोट असतं."

"बाटली पडल्याचा आवाज आला नाही तुला?"

"या वाऱ्यात? छप्पर उडालं असतं तरी कळलं नसतं."

"खोलीत गेल्यावर तू काय केलंस?"

"काय करणार? तुला फोन केला." तो तिच्याकडे पाठ करून फळीवर काहीतरी शोधू लागला. "सरबत घेतेस? आल्याचं. बेलाकाकूंच्या हातचं, शेवटच्या दोनच राहिल्यात."

त्याने बाटली ओट्यावर ठेवली. बुचावर लाल टोपी होती. लाख फोडण्याआधी मॅग्नसने सवयीने तिच्यावरच्या खळग्यात आपला अंगठा टेकवला.

थोरा बघत राहिली. "नको," ती म्हणाली. "ही फोडू नकोस आत्ता."

इंगा तिच्या दवाखान्याच्या दारातच भेटली. रात्रभर एका गाईपाशी जागून तिचे डोळे लाल झाले होते.

"मला विचारायला आलीस ना? मीच म्हणत होते, बाटली उघडू नका, म्युझियमला द्या. म्हणजे चोर मीच! हे वाच." तिने फोन थोराच्या हातात कोंबला.

ग्रुपवर सकाळपासून आग पेटली होती. 'कोणाच्या पोटात दुखत होतं ते ठाऊक आहे,' असं मॅग्नसने लिहिलं होतं. 'किल्ली कोणाच्या हॉटेलात असते?' असं इंगाने. वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसलेली माणसं दोन तासांत एकमेकांच्या उरावर बसली होती. सरांनी मात्र सकाळपासून एक अक्षर टाकलं नव्हतं. त्यांचा कालचा मजकूर थोराने वर सरकवून वाचला. 'आत्ता ग्लासात: ग्लेन टारव्ही, आजच फोडली. भिजलेलं गवत, भाजलेलं सफरचंद, शेवटी किंचित मीठ.'

"तू फोडलीस स्केरावो?" थोराने विचारलं.

"जपा म्हणून सांगणारी मी, आणि मीच फोडीन?"

डॉड धक्क्यावर बसून सापळ्यांच्या दोऱ्या वळत होता. थोराला बघून तो चक्क हसला.

"हसतोस काय रे?"

"मग काय छाती पिटून घेऊ?"

"सकाळी कुठे होतास?"

"इथेच. बोट वाहून जाऊ नये म्हणून दोर आवळत होतो. विचार कोणालाही." त्याने गाठ मारली. "वाईट एवढंच वाटतं, की संध्याकाळची गंमत हुकली. तोंडं बघायची राहिली."

"कोणाची तोंडं?"

"सगळ्यांची," डॉड म्हणाला आणि पुन्हा दोरीकडे वळला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "सरांना फार त्रास देऊ नकोस हं. बायको गेल्यापासून त्यांना आमच्याशिवाय आहे कोण?"

दुपारी थोरा जबानीवर सही घ्यायला सरांच्या घरी गेली. खरं तर सही उद्या घेतली असती तरी चाललं असतं. पण तिला स्वस्थ बसवत नव्हतं. आणि सकाळी थारोळ्यात बुडवलेलं ते बोट अजून तिच्या मनातून जात नव्हतं.

सरांनी चहा केला. दुधाचं भांडं उचलून दोन्ही कपांत थोडं ओतलं. थोराने कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. दूध नासलं होतं. चांगलं दोन-तीन दिवसांचं. सर मात्र समोर बसून शांतपणे घोट घेत होते.

"थंडीच्या दिवसात बरं वाटतं," ते म्हणाले.

"हो ना." त्यांची पाठ वळताच तिने कप मोरीत रिकामा केला.

भिंतीभर बाटल्या होत्या, नावांप्रमाणे नीट लावलेल्या. ग्लेन टारव्ही तिला लगेच सापडली. गळ्यापर्यंत भरलेली, झाकणावरचा कागदही न फाटलेला. खांद्यावर धुळीचा थर.

"सर, मागे तुम्हाला ताप आला होता ना? शरद ऋतूत?"

"अं? हो. बरेच दिवस होता." ते खिडकीबाहेर बघू लागले. "का गं?"

"सहजच. तासाभरात हॉटेलात या. सगळ्यांनाच बोलावलंय."

वाटेत फोन आला. वारा उतरतोय, रात्रीच्या आधी बोट सुटेल. थोराने पाय उचलला.

मागच्या खोलीत चौघं चार कोपऱ्यांत बसले होते. फरशी अजून तशीच होती. मॅग्नसने दार लावून घेतलं.

"मला बोट गाठायची आहे," थोरा उभ्यानेच म्हणाली, "तेव्हा फार लांबण लावत नाही. मॅग्नस, सकाळी या खोलीत आलास तेव्हा तुला कसला वास आला?"

मॅग्नसचा चेहरा पडला. "कसला म्हणजे..."

"खरं सांग."

"कसलाच नाही," तो पुटपुटला. "कोळशाचा. मी बोट लावून पाहिलं. थोरा, तो चहा होता गं! कोरा, गार चहा! मी बोललो असतो तर म्हणाले असते ना सगळे, हॉटेलवाल्याने व्हिस्की ढोसली आणि चहा भरून ठेवला!"

"चहा?" इंगा ताडकन उठली. "म्हणजे बाटली बदलली कोणीतरी!"

"बस. मलाही दारात वास आला नाही. मांजर तर मजेत चाटत होतं. व्हिस्कीला मांजर तोंड लावील का? मग पहिला प्रश्न, चहा भरला कोणी? या हॉटेलात कोणी भरला म्हणावं, तर ही लाख अख्खी आहे." तिने रुमाल उलगडून गळा टेबलावर ठेवला आणि शेजारी सरबताची बाटली. "दोन्ही टोप्या बघा. लाख तीच, आणि गरम असताना दाबलेला अंगठाही तोच. ही बाटली बेलाकाकूंच्या घरून आली तेव्हाच तिच्यात चहा होता. का होता ते डॉड सांगेल. आज गावात तो एकटाच हसत होता."

डॉडने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाबांनी मरायच्या आधी सांगितलं मला. मी लहान असताना बाबा आणि काकूंचे यजमान एकाच बोटीवर होते. वादळात बोट गेली, सगळे गेले, असं धरूनच चालले होते लोक. काकूंच्या घरी बायका रडायला बसलेल्या. आणि दार उघडून हे सगळे आत आले! ओलेचिंब, ओठ निळे, पण जिवंत. घरात दुसरं काही नव्हतं. काकूंनी सासऱ्यांची स्केरावो फोडली आणि चहाच्या कपांतून सगळ्यांना पाजली. एक थेंब ठेवला नाही. मग सासऱ्यांची भीती! किटलीत चहा होताच, तो भरला आणि लाख लावली. सासरे गेले, यजमान गेले, बाटली मात्र दरवर्षी आणखी मौल्यवान होत गेली. काकू मला म्हणाल्या होत्या, 'डॉड, उघडाल तेव्हा सगळ्यांची तोंडं बघ. आणि मग सांग त्यांना, की ती वाया गेली नाही.'"

इंगाला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती डोळे पुसू लागली. "आणि मी म्हणतेय, म्युझियमला द्या!"

"पण मग फोडली कोणी?" मॅग्नसने विचारलं.

थोराने सरांकडे पाहिलं. त्यांना यातून सुटायला वाट द्यावी असं तिला फार वाटत होतं, पण चौघांतली आग विझायची तर हे आज, इथेच व्हायला हवं होतं.

"सर, सकाळी तुम्ही मला या खोलीतला वास सांगितलात. धूर, मध, चामडं. चहाला तो वास येत नाही. ज्याला नाक आहे तो दारातच ओरडला असता, अरे, ही व्हिस्की नव्हे! तुम्ही ओरडला नाहीत, कारण तुम्हाला कसलाच वास येत नव्हता. जो यायला हवा होता तो तुम्ही सांगितलात. दुपारी नासलेलं दूध घोटाघोटाने प्यालात. काल 'आजच फोडली' म्हणून लिहिलेली बाटली अजून बंद आहे. तापानंतर तुम्हाला वास यायचा बंद झाला. हो ना?"

सँडीसर मान खाली घालून बसले होते. बाहेर शिडाची दोरी डोलकाठीवर आपटत होती.

"वास गेला आणि चवही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. मी जुनं लिहिलेलं काढून रोज थोडं बदलून टाकत होतो. तुम्ही सगळे लिहायचात, वा सर! मग कसं सांगू? आज पहिला घोट मीच घ्यायचा, मीच बोलायचं, तो वर्तमानपत्रवाला लिहून घेणार. जगातली शेवटची स्केरावो, आणि मी तिच्याबद्दल थापा मारायच्या? काकूंच्या बाटलीबद्दल? तेही जमेना आणि खरं सांगणंही जमेना. सकाळी कपाट उघडलं. हातात घेतली. मग सोडून दिली." त्यांनी वर पाहिलं. "मुद्दाम सोडली. निसटली नाही. आणि दिवसभर तुम्हाला एकमेकांवर चिखलफेक करताना बघत गप्प राहिलो. ते जास्त वाईट."

"इतके महिने, सर!" इंगा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "इतके महिने एकटे बसून ते नासकं दूध पीत होतात, आणि मी चार घरं सोडून राहते!"

"तक्रार कोणाची आहे का?" थोराने विचारलं. "नसेल तर मी चहा सांडला एवढंच लिहीन."

मॅग्नस उठला. कपाटातून हाताला लागेल ती बाटली त्याने काढली आणि पाच ग्लास मांडले. थोराने आपल्या ग्लासावर हात ठेवला. पाचवा तसाच रिकामा राहिला. सरांनी आपला ग्लास सवयीने नाकाशी नेला, थांबले, आणि मग नुसता घोट घेतला.

"काय लागतं?" डॉडने विचारलं.

सरांनी बराच विचार केला. "गरम," ते म्हणाले. "घशात गरम लागतं. बस, एवढंच कळतं."

"मलाही आजवर एवढंच कळत आलंय, सर," डॉड म्हणाला. "बाकीचं सगळं मी तुमचं वाचून लिहायचो."