चारशे बाराव्या नाटकाची वेळ

प्राध्यापक टिलिंगहास्ट यांचा एक हट्ट होता. जे नाटक मोठ्याने वाचलेलं नाही, त्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. सव्वाशे वर्षांत ज्यांना कुणी रंगमंचावर आणलं नव्हतं, अशी जुनी अमेरिकन नाटकं त्यांनी आयुष्यभर गोळा केली. प्रॉव्हिडन्समधल्या ट्रान्झिट रस्त्यावर, त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, रोज दुपारी चार वाजता टेबलावर स्टॉपवॉच ठेवलं जाई. पुरुषांची भाषणं ते वाचत, बायकांची त्यांची मदतनीस हेस्टर कॉगेशल. वाचन संपलं की हेस्टर कार्ड भरी: नाटकाचं नाव, लागलेला वेळ, आणि शेवटच्या ओळीत, कोणी काय वाचलं.

त्या शेवटच्या ओळीबाबत ते फार कडक होते. एकदा त्यांचा घसा बसला म्हणून एका कॅप्टनची भूमिका हेस्टरने वाचली, आणि कार्डावर सवयीने त्यांचीच आद्याक्षरं पडली. त्यांनी कार्ड फाडून टाकलं.

"मिस कॉगेशल, जाहिरातीत नाव एकाचं आणि रंगमंचावर उभा भलताच. या जुन्या थापांनीच माझं अर्धं आयुष्य खाल्लं. आता आपण त्यात भर नको घालायला."

एकोणीस वर्षांत त्यांनी तिला दुसरी कुठली हाक मारली नाही. त्यांची सहा पुस्तकं निघाली. हेस्टरचं नाव एकातही नव्हतं. ते होतं फक्त कार्डांवर, तेही दोन अक्षरांत. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला त्या काळी प्रयोगशाळेत कुणी उभं करत नसे. इथे निदान मोजण्याचं काम होतं. भाड्याच्या खोलीत ती एकटी राहत असे. दिवसभरात चार ते सहा या वेळातच काय तो तिला स्वतःचा आवाज वापरावा लागे.

फेब्रुवारीत न्यूमोनियाने प्राध्यापक गेले. राहिली ती त्यांची अपुरी नाटकसूची, म्हणजे सातवं पुस्तक, आणि खोलीचं मे-अखेरपर्यंत भरलेलं भाडं.

"चारशे अकरा नाटकं झालीत ना? मग बारावं गाळून टाका," कॉलेजचे ग्रंथपाल विक्स म्हणाले. "शेवटचं पान नसलेल्या नाटकाची विचारपूस कोण करणार आहे?"

"मी करणार आहे."

विक्स हसले. "तुम्हाला सरांची सावली म्हणतात ते खोटं नाही. बरं, एक जूनला सूची छापखान्यात जाईल. तुम्ही बाराव्याची वेळ मोजून द्या, पहिल्या पानावर सरांच्या नावाखाली तुमचं नाव घालतो. पण कार्ड चोख हवं. कॉलेजच्या मंडळापुढे ठेवायचंय. नाही तर ते म्हणतील, दुःखात बाईंनी काहीतरी खरडलं."

चारशे बारावं नाटक म्हणजे एक हस्तलिखित होतं, १७९६ सालचं. कर्त्याच्या जागी 'न्यूपोर्ट येथील एक महिला' एवढंच. दीपगृहाचा आंधळा रखवालदार आणि त्याची मुलगी, दोनच पात्रं. प्राध्यापक ते वर्षानुवर्षं पुढे ढकलत आले होते. नंतर वाचू, मिस कॉगेशल, नंतर.

हेस्टरने पद्धत ठरवली. मुलीची भाषणं मोठ्याने वाचायची, बापाची मनात, सरांच्या चालीने. ती चाल तिच्या अंगवळणी पडली होती.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस मिनिटं दहा सेकंद लागले. एका मोजणीवर विसंबायचं नसतं, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. एक्केचाळीस मिनिटं दहा सेकंद. तिसऱ्या दिवशीही तेच.

ती बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिली. माणसाच्या मोजणीत थोडा फरक पडतोच. प्रयोगशाळेत असे आकडे आले तर कुणीतरी नक्कल केली असं समजतात. तिने केली नव्हती.

मग तिने नुसत्या शांतता मोजल्या. दुसऱ्या अंकातलं बापाचं लांब भाषण एक मिनिट बावन्न सेकंदांचं. तिची नजर शेवटच्या शब्दावर आधीच पोचे. पण हात पान उलटायला धजत नसे. एक मिनिट बावन्न सेकंद झाले की मगच पान उलटलं जाई.

मे लागला होता. घर तापवणारी तळघरातली भट्टी विझली होती आणि खोलीतून खालच्या मजल्यावर जाणारा वाफेचा नळ गार पडला होता.

जिन्यात तिला खालचे भाडेकरू कोरेया भेटले. गोदीत कोळसा उतरवणारे, मार्चमध्ये राहायला आलेले. बायकामुलं अजून तिकडे, समुद्रापलीकडे ब्रावा बेटावर. काखेत गोड पावाची पुडी होती.

"बाई, तुमचे वडील झकास वाचतात."

हेस्टरने कठडा धरला. "कोण?"

"चार वाजता वाचतात ते हो. माझी रात्रपाळी, तेव्हा झोपायची वेळ. पहिल्या दिवशी झाडूने छत ठोकणार होतो. मग म्हटलं, लोक रेडिओला पैसे मोजतात, आपल्याला फुकट आहे. तुम्ही मात्र नुसत्या ऐकत बसता."

"मीसुद्धा वाचते."

"मग जरा तोंड उघडून वाचा की. तुमचा शब्दही खाली पोचत नाही."

ते वडील नव्हेत, आणि ते आता नाहीत, हे सांगायला तिने तोंड उघडलं. निघालं दुसरंच.

"उद्या माझं एक काम कराल? चमचा घेऊन नळाजवळ बसायचं. पुरुषाचा आवाज सुरू झाला की नळावर एक ठोका. थांबला की दोन. बाईचा आला तर तीन."

"आणि मला काय मिळणार?"

"काय हवं?"

"म्हाताऱ्यांना सांगा, शेवट असा मध्येच तोडू नका. मग डोळा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने कळ दाबली.

सुरुवात मुलीची होती. हेस्टरने खणखणीत वाचलं. नळ गप्प. तिचं वाक्य संपलं, बापाची ओळ आली.

एक ठोका.

ती ओळीवर बोट ठेवून थांबली. ओळ संपायला हवी तिथे दोन ठोके पडले.

असंच चालत राहिलं. लांब भाषणाला एक मिनिट बावन्न सेकंद. आपल्या वाक्यांना ती आवाज चढवत गेली, शेवटी जवळजवळ ओरडत होती. तिला स्वतःला तो ऐकू येत होता. तीन ठोके एकदाही पडले नाहीत.

फाटून गेलेल्या पानाच्या आधीची शेवटची ओळ मुलीची होती. "बाबा, दिवा मालवू का?"

एक्केचाळीस मिनिटं दहा सेकंद.

पुढे कागद नव्हता. तिने कळीवर अंगठा ठेवला.

नळावर एक ठोका पडला.

तिने अंगठा उचलला.

काटा फिरत होता. समोरची खुर्ची रिकामी होती. मिनिट गेलं, दुसरं गेलं. बंदरात कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला.

दोन ठोके.

थोड्या वेळाने तीन.

पंचेचाळीस मिनिटं वीस सेकंद. तिने घड्याळ थांबवलं आणि खाली गेली.

कोरेया बूट घालत होते. "आज पुरं केलं त्यांनी. सांगितलंत वाटतं."

"काय म्हणाले?"

"जुनी भाषा, मला निम्मी कळत नाही. शेवटी हाक मारली, दोनदा. हेस्टर, हेस्टर. कोण हो ही हेस्टर? नाटकातली?"

"नाटकात त्या नावाचं कुणी नाही."

"मग तुम्ही 'आले' म्हणालात. तुमचं तेवढंच ऐकू आलं."

हेस्टरचे ओठ त्या वेळी मिटलेले होते. ती वर आली.

कार्ड तिने सावकाश भरलं. वेळ: पंचेचाळीस मिनिटं वीस सेकंद. शेवटच्या ओळीवर टाक थांबला. तिथे आपलीच आद्याक्षरं दोनदा लिहिली तर विक्स काही विचारणार नव्हते, आणि पहिल्या पानावर नाव येणार होतं. तिला फाडलेलं कार्ड आठवलं. पुरुषाची भूमिका, तिने सरांची आद्याक्षरं लिहिली, ए. टी. मुलीची, एच. सी. खाली आजची तारीख घातली. हे कार्ड बघून विक्स काय करतील ते तिला ठाऊक होतं.

खालचं दार वाजलं. खिडकीतून कोरेया दिसले, हातात जेवणाचा डबा, गोदीच्या उताराला लागलेले.

तिच्या मागे नळावर एक ठोका पडला.

सवयीने तिने घड्याळाची कळ दाबली, आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प बसली.