दोघांनी पलटायचं गेट

वेल्डिंगचा मुखवटा चढवला की आत कोण आहे, हे कळायला काही मार्ग नसतो. आणि शेखरने तर विचारायचीही तसदी घेतली नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल उतरून डावीकडच्या गल्लीत, 'सहदेव फॅब्रिकेशन' अशी उन्हाने फिकी पडलेली पाटी दिसली, तसा तो सरळ आत घुसला. स्टूल ओढून बसला. समोर कूलरच्या स्टँडला टाके मारणाऱ्या मुखवट्याला त्याने हात जोडले.

"राम राम काका! मी मोर्शीचा. खुशालरावांचा शेखर. आमच्या घरचं गेट तुमीच केलं होतं, मी लहान होतो तवा. अजून कडी नाई हालली त्याची."

मुखवटा जरासा डोलला. शेखरला तेवढंच पुरलं. संत्र्याची पॅकिंग शेड बांधली आहे, ट्रक आत यायला हवा, दोन पल्ल्यांचं मोठं गेट पाहिजे, व्यापारी यायच्या आत पाहिजे... एवढं सांगून झाल्यावर गडी थांबावा की नाही? नाही थांबला.

"अन् काका, गेट जरा देखनं करा. दोन जागी माहं जमत आलं होतं. पोरी म्हन्तात, बगीचा चांगला हाय, पन नवरा नोकरीवाला पायजे. आता संध्याकाळी बगीच्यात एकटाच असतो मी. झाडाइसंग बोलत बसतो... कोनाले सांगू नका हं."

मुखवटा वर गेला. आत एक मुलगी होती. कपाळाला घामाने चिकटलेल्या बटा, गालावर मुखवट्याचा वळ, आणि महत्प्रयासाने दाबून धरलेलं हसू.

"नाई सांगत," ती म्हणाली. "बाबा वारले आमचे. आता काम मी करते. रागिणी. काकांच्या जागी चालन का?"

शेखरचे कान लाल झाले. तो उठला, पुन्हा बसला.

"चालन," तो कसाबसा म्हणाला. "धावन बी."

रागिणीने गेटचं काम घेतलं. का घेतलं, असं कोणी विचारलं असतं, तर 'बाबांच्या कामाची आठवण ठेवून आला म्हणून' असं तिने सांगितलं असतं. खरं कारण ते झाडांशी बोलण्याचं होतं.

एरवी मोठं गेट ती घेतच नसे. बाबा होते तेव्हा गोष्ट वेगळी होती. लोखंडाला आच लागली की ते ज्या बाजूने भाजलं, त्या बाजूला ओढलं जातं. म्हणून एक टाका इथे, दुसरा पलीकडच्या कोपऱ्यात, थोडं वरून, थोडं खालून, असं दमादमाने जोडायचं आणि मध्ये मध्ये पल्ला पलटत राहायचा. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला ती. बाबा "हां बेटा!" म्हणायचे आणि केवढंही धूड अलगद उलटं व्हायचं. ते गेल्यावर तिने खिडकीच्या जाळ्या, कूलरचे स्टँड, असं एकटीला उचलेल तेवढंच काम घ्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू बाकीचं जगणंही तेवढंच होऊन बसलं. आई नाशिकला अमोलदादाकडे, नातवात रमलेली. दर रविवारी फोनवर, "शटर लाव अन् इकडे ये." घरात एका माणसाची भाजी करता येत नाही, उरतेच. सकाळी तीच खायची.

पहिला पल्ला जोडायच्या दिवशी शेखर हजर. मोर्शीहून अमरावती, तिथे गाडी बदलून अकोला. हातात संत्र्यांची पिशवी, तोंडात गप्पांचा पट्टा. ती टाके मारत होती, तो स्टुलावर बसून संत्री सोलत होता. धुराच्या वासात सालींचा वास मिसळला आणि तिला वाटलं, आज शेडमध्ये उजेड जरा जास्त आहे.

"मिस्त्री, मुखवटा काढून एक फोड खा ना."

"काम करू द्या. तुमच्या झाडाइले बोलाची सवय असन, लोखंडाले नाई."

"लोखंडाशी कोन बोलून राहिलं?"

ती मुखवट्याआड हसली. मुखवट्याचा एवढा एक फायदा.

आणि मग पल्ला पलटायची वेळ आली. शेखर लगेच उठला. "हात लावू?"

"हो" हा शब्द किती लहान असतो! पण दोन वर्षं कुणाला हाक मारली नाही की तोही जिभेवर येत नाही. मदत मागितली तर ह्याला कळेल की आपल्याला एकटीला जमत नाही... आणि उद्या हा नसेल, तेव्हा?

"नको. बसा तुमी," ती म्हणाली. आणि बाबांनी जे कधी करू दिलं नसतं, ते तिने केलं. पल्ला न पलटता, वरच्याच अंगाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग ओढत नेलं. चूक आहे हे ठाऊक असून.

तो गेल्यावर तिने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सूत ताणलं. मधोमध सुताखालून दोन बोटं आरपार गेली. पल्ला खाली झुकला होता. पोट आलं होतं त्याला.

तिने घण घातला, वजनं ठेवली, शिकंजे आवळले. लोखंड ढिम्म. पोटाच्या बाजूने शेकलं तर ते सरळ येतं, हे तिला माहीत होतं. पण पोट होतं खालच्या अंगाला. शेकायचं तर आधी पल्ला पलटायला हवा, म्हणजे पुन्हा तेच. ती त्या थंड लोखंडावर डोकं टेकून बसली आणि आधी स्वतःवर चिडली, मग रडली.

दुसऱ्या दिवशी शेखरचा फोन आला. "मिस्त्री, काय म्हन्ते आमचं गेट?"

खोटं बोलणं सोपं होतं. "वाकलं," ती म्हणाली. "माह्या चुकीनं. पल्ल्याले पोट आलं."

"मंग मी येऊ का?"

"तुमची मर्जी." 'या' एवढंही म्हणणं जमलं नाही तिला.

तो आला. त्याने विचारलं नाही, सरळ पल्ल्याचं एक टोक धरलं. रागिणीने दुसरं धरलं. ओठांवर आपोआप आलं, "हां!" आणि धूड अलगद उलटं झालं. किती दिवसांनी! तिला एकदम भरून आलं. तिने घाईने काळा चष्मा चढवला.

गॅसच्या ज्योतीने ती पोटाच्या बाजूला जागोजागी चट्टे शेकू लागली. लोखंड गडद लाल झालं की पुढे. शेखर ओलं पोतं घेऊन सांगेल तिथे दाबत होता. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि वाफेतून दिसणारे त्याचे मिचमिचे डोळे.

"अहो, हे तर अजून फुगलं!" तो घाबरला.

"गरम हाय तोवर फुगतेच. थंड होताना आकसते, तवा ओढून घेते सरळ."

"मंग आता काय कराचं?"

"काही नाई. थांबाचं."

दोघं पल्ल्याशेजारी बसले. त्याने संत्रं सोललं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं. बोटं लागली... दोघांनीही ती जरा उशिराच काढून घेतली.

"मिस्त्री... काकांले मी माहं सगळं सांगतलं त्या दिवशी. काकांनी सल्ला काही देल्ला नाई."

"दुसरं गाव पाहा, म्हन्तात काका."

"अकोल्यात पाहिलं ना मी," तो हळूच म्हणाला, "काका हो म्हनत असन तर..."

रागिणीने हातातली फोड खाली ठेवली. आणि जे बोलायचं नव्हतं, नेमकं तेच तोंडातून निघालं. "गेट घ्याले आलात, गेट घ्या अन् जा! मले गरज नाई कोनाची."

शेखरचं हसू विझलं. तो उठून ओलं पोतं पिळायला लागला.

लोखंड थंड झालं. सूत ताणलं, तर पल्ला सरळसोट. दुसरा पल्ला त्यांनी मिळून केला. पलटताना "हां" सोडून एक शब्द नाही.

मोर्शीला गेट बसवायला ती गेली. दोन्ही पल्ले मधोमध असे जुळले की मधून ऊनही जाईना. खुशालरावांनी कौतुक केलं. शेखर टेम्पोपर्यंत आला आणि म्हणाला, "त्या दिवशी बोललो, ते मनावर घेऊ नका. पुन्हा नाई बोलनार." थांब म्हणावं, बोल म्हणावं, असं तिच्या अगदी गळ्याशी आलं. ती म्हणाली, "बिजागरीले तेल देत जा."

मग शेड पुन्हा पहिल्यासारखी झाली. स्टूल रिकामं. कोपऱ्यात संत्र्याची साल वाळून कडक झालेली. झाडताना तिने ती दोनदा बाजूला ठेवली, फेकली नाही. स्टँडला टाके मारता मारता ती मध्येच थांबायची, कोणी आल्यासारखं वाटायचं. कोणी नसायचं. संध्याकाळी आत्ता तो बगीच्यात असेल, झाडांना काय सांगत असेल, असं वाटून जेवण जाईना.

एका सकाळी कापसाच्या जिनिंगवाले आले. त्यांना गेट हवं होतं, शेखरच्या गेटाहून मोठं. 'एवढं मोठं होत नाई' हे वाक्य तिच्या तोंडी पाठच होतं. ती म्हणाली, "होईन."

ते गेले आणि तिने शेखरला फोन लावला.

"हॅलो?"

"राम राम. काका बोलून राहिलो."

पलीकडे नुसता पाण्याच्या पाटाचा आवाज. मग अगदी बारीक, "...काका?"

"सल्ला मागतला होता तुमी. काकांले थंड व्हाले वेळ लागला. अकोल्यात एक पोरगी हाय. नोकरीवाला नको म्हन्ते."

"मंग काय पायजे म्हन्ते?"

इथे रागिणीची थट्टा संपली. "शेखर... मोठं गेट घेतलं मी. एकटीनं नाई पलटत. काहीच नाई होत आता एकटीनं. तू ये."

"कवा पलटाचं हाय?"

"अजून लोखंड बी नाई आनलं."

"मंग आज कशाले येऊ?"

"असाच ये."

तो हसला. किती दिवसांनी ते हसू! "चप्पल घालून राहिलो. दुपारच्या जेवनाले पोचतो."

फोन ठेवून रागिणी आत गेली. आणि तिने दोन माणसांची भाजी चिरायला घेतली.