श्वास पुरेल तेवढी वाट

माहुलीच्या पायथ्याकडून शहापुराला येणाऱ्या पायवाटेवर गोजरने गवताचा भारा उतरवला, ओंजळीने झऱ्याचे पाणी पिऊन घेतले, आणि मान वर केली तेव्हा बरोबरच्या बाया वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या होत्या. एवढा भारा एकटीने डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. त्या वाटेवर तो रिवाजच होता. ओळख असो वा नसो, जाणारा थांबे, भाऱ्याला हात लावी आणि आपल्या वाटेने निघून जाई.

जांभळीखाली एक तरुण बसला होता. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेल्या गुंड्या, पायांत वहाणा.

"ओ पाव्हणं, जरा हात लावा."

तो उठला, दोन पावले पुढे आला... आणि थबकला.

"मला नाय जमणार."

"का? हाताला मेंदी लावलीय काय?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिच्याच गावची रखमी मागे राहिली होती; तिने येऊन भाऱ्याला हात लावला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "राहू दे गो, सदरा मळंल त्याचा." दोघी हसत निघाल्या. पण वळणावर पोहोचेपर्यंत गोजरला पाठीवर त्याची नजर जाणवत राहिली, आणि त्या नजरेत राग नव्हता, हे तिला का कोण जाणे खुपत राहिले.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. लष्कराच्या खेचरांसाठी गवताला मागणी होती, त्यामुळे भातकापणीतून सवड मिळेल तशी गोजर भारे घेऊन शहापुराला जाई. दुसऱ्या दिवशी ती झऱ्यापाशी आली तेव्हा तो जांभळीखाली उभाच होता. बहुधा बोलायचे शब्द जुळवून.

"काल तुझ्या भाऱ्याला हात लावला नाय. वजन उचलायला मना हाय मला. छाती कापलीय माझी."

गोजर हसली. मग त्याचा चेहरा बघून तिचे हसू ओठांवरच विरले.

त्याचे नाव जयराम. मुरबाडच्या अलीकडच्या एका गावचा. शहापुराच्या वेशीजवळ राहणाऱ्या गीताबाईच्या बहिणीचा मुलगा. हवापालट म्हणून मावशीकडे येऊन राहिलेला.

"जन्मापासनं छातीच्या मधोमध खड्डा होता," तो सांगू लागला. "आंगोळीला बसलो का त्यात पाणी साचायचं. गावची पोरं म्हणायची, जयरामच्या छातीवर चिमणी पाणी पियाला येती."

"मग? आली कदी?"

"एकपण नाय आली. आता तर खड्डाच बुजवलाय."

"तेवढी तरी वाट बघायची होती तिची," गोजर म्हणाली, आणि आपण काय बोललो हे उमगून घाईघाईने पदर सावरू लागली.

त्याने पुढचे सांगितले. चढ लागला की त्याला धाप लागे, नांगराच्या दोन फेऱ्या होत नाहीत तोच डोळ्यांपुढे अंधारी येई. मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की छातीचे मधले हाड आत दबले आहे; त्याने काळीज डाव्या अंगाला ढकलले आहे. मग त्यांनी बरगड्यांची मऊ टोके कापून काढली आणि ते हाड वर उचलून बसवले.

"आन् काळीज?" गोजरने विचारले. "ते आलं का जागेवर?"

"कालपर्यंत आल्यासारखं वाटत होतं," तो जांभळीच्या फांदीकडे बघत म्हणाला. "आज काय सांगता येत नाय."

गोजरने भाऱ्याचा दोर उगाचच पुन्हा आवळला.

पुढे ती भेट नित्याची झाली. रखमी भाऱ्याला हात लावी, जयराम दोन गोष्टी बोले, आणि दोघींच्या मागोमाग चालत मावशीच्या कुडाच्या घरापर्यंत जाई. तेवढ्या सपाट वाटेवरही त्याचा श्वास आखूड होई. गोजरला ते ऐकू येत असे. ती काही न बोलता पावले आवरती घेई.

त्याला घरी कसे ठेवले होते, तेही हळूहळू तिला कळले. इस्पितळातून आला तशी त्याच्या आईने त्याची बाज आतल्या खोलीत टाकली. खिडकीला पोते लावले. बाळंतिणीसारखा शेक, तूप घातलेला गुरगुट्या भात, वारा लागू द्यायचा नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. जिथे देह कापला जातो तिथे बाळंतिणीचेच उपचार चालतात, एवढेच त्या माउलीला ठाऊक होते. पुढची भातकापणी आली तरी ती बाज हलली नव्हती. शेवटी हवापालटासाठी त्याला मावशीकडे धाडले, आणि जांभळीपर्यंत चालायची मुभा मावशीने दिली, तीही बहिणीला न सांगता.

"डॉक्टरांनी परत बोलावलं नव्हतं?" एकदा गोजरने विचारले.

"बोलावलं होतं. नाय गेलो."

"का?"

"खड्डा गेला, पण दम तसाच लागतो. जाऊन विचारलं, आन् ते म्हणाले की बाहेरचं तेवढं नीट झालं, आतलं सुधारायचं नाय... तर मग कुणाकडं बघायचं मी?"

त्याचे ते भय तिला सहन झाले नाही, आणि त्या भरात तिच्या हातून एक चूक झाली. झऱ्याच्या वरच्या टेकाडावरून तानसा तलावाचे पाणी दिसते, चला दाखवते, असे ती म्हणाली. तो निघाला. तिच्यामागून, हसत, चढ सरेपर्यंत एकदाही न थांबता. माथ्यावर पोहोचला आणि मटकन खाली बसला. ओठ पांढरे पडले होते.

गोजरने काही विचार केला नाही. तिने आपला तळहात त्याच्या छातीवर ठेवला. शेजारच्या घरात भात कांडत असावे आणि घाव आपल्या भिंतीला जाणवावेत, तसे ते काळीज सदऱ्याआडून ठोके देत होते. खाली दूरवर पाणी चकाकत होते. दोघांपैकी कुणीही तिकडे बघितले नाही. हळूहळू ठोके मंदावले, एकेक ठोका वेगळा जाणवू लागला, ओठांवर रंग परतला. हात मात्र तिथेच राहिला होता.

"झाला शांत," ती पुटपुटली.

"हात काढलास तर परत सुरू व्हईल."

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, आणि मग दोघेही हसली. पण तिच्या डोळ्यांत पाणी होते.

वार्ता लपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाई गोजरच्या अंगणात येऊन उभी राहिली. "सावळाराम, पोरीला आवर रे बाबा! माज्या भनीचा एकुलता एक हाय तो. डोंगरावर नेऊन मारती का काय त्याला?"

ती गेल्यावर सावळारामने विळा खाली ठेवला. गोजरला वाटले, आता बाप ओरडणार. तो ओरडला नाही.

"तुला पसंत हाय तो?"

गोजरने खाली बघत मान हलवली.

"तुजी आई दम्यानं गेली. तू ल्हान होतीस तवा. उशाशी बसून दुसऱ्याचा श्वास ऐकायचा, पुढचा येतो का नाय म्हणून आपला रोखून धरायचा... त्ये मी केलंय गो. त्ये तुज्या वाट्याला मी कसं देऊ?" तो थांबला. "डॉक्टर काय म्हणतो त्ये त्यानं इचारून यावं. नायतर मुरबाडकडनं दुसरं स्थळ आलंय, त्येंना मी होकार धाडतो."

जांभळीखाली गोजरने हे सारे जसेच्या तसे सांगितले. शेवटी म्हणाली, "तुमाला भ्या वाटतंय, म्हाईत हाय. मलापण वाटतंय. पण इथंच बसून राहिलात तर मला तुमच्या डोळ्यांदेखत जावं लागंल."

दुसऱ्या दिवशी जांभळीखाली कुणी नव्हते.

त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हते. खळ्यावर झोडणी सुरू झाली. गोजर सुपाने भात वारवत राहिली, तूस उडत राहिले, आणि सावळाराम काही न विचारता पेंढ्या झोडत राहिला. रखमी एकदा म्हणाली, "अगो, दाणं पण उडवतीस!" गोजरने सूप नीट धरले. वारा पडला की ती वाटेकडे बघे, वारा सुटला की नजर सुपाकडे आणी.

तिसऱ्या दिवशी उन्हे कलताना बांधावरून एक पांढरा सदरा येताना दिसला. मुंबईच्या गाडीतून आसनगावच्या स्टेशनावर उतरून तो टांग्यात बसला नव्हता, चालत आला होता. धुळीने पाय पिंढरीपर्यंत माखले होते. खळ्याच्या कडेला येऊन त्याने गुडघ्यांवर हात टेकले.

"काका... फोटो काढला... छातीचा. काळीज... मधे आलंय. फुप्फुसं... साफ हायत." तो सरळ झाला. "जिना चढवला मला, नाडी बघितली, परत चढवला. मग डॉक्टर लई रागावले. हाड जुळल्यावर चालायचं होतंस, म्हणाले, तू वर्षभर बाजंवर पडून राहिलास. दम बसून राहिल्यानं गेलाय. हळूहळू काम करशील तसा वाढंल."

सावळारामचा हात थांबला होता. "सगळ्यांइतका?"

गोजरने श्वास रोखला.

जयराम खोटे बोलू शकला असता. "तेवढा शब्द देत नाय म्हणाले. वाढंल एवढं नक्की, किती ते कुणी सांगू शकत नाय. लावणीच्या चिखलणीला मला मधे बसावं लागंल, काका."

"बसलास तर परत उठशील?"

"उठंन."

सावळारामने पेंढी उचलली आणि पाठ वळवली. फळीवर झोडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मग जयराम गोजरकडे वळला. "गोजर, मला..." आणि इतका वेळ धीराने पुरवलेला श्वास नेमका तिथे संपला. तिने सूप बाजूला ठेवले. वाक्य काय होते ते तिला कळले होते. ते त्याच्या वतीने पुरे करणे सोपे होते. पण ते तिला ऐकायचे होते.

"घाई नाय," ती म्हणाली. "बसा. दम घ्या. मी हाय इथंच."

तो पेंढ्यांवर बसला. बसला, उठला, छाती भरून श्वास घेतला आणि एका दमात म्हणाला, "मला तुज्याशी लगीन करायचंय आन् आदी तुज्या बापाशी बोललो म्हणून तू रागवायचं नाय!"

"एवढं लांबलचक?" गोजरचा चेहरा तापला होता, पण ती हसत होती. "आन् म्हणं दम पुरत नाय!"

"व्हय म्हण की."

"व्हय."

झोडणीचा आवाज थांबला होता. केव्हापासून, ते दोघांनाही कळले नव्हते. सावळाराम पाठमोराच उभा होता. तुसाने भरलेल्या हाताने डोळे पुसत तो म्हणाला, "पाणी दे गो जावयाला."