तिसऱ्या वाराआधी

पारसची नि माझी ओळखच भांडणातून झाली. गरिबांना मनाच्या आजारावर मोफत उपचार मिळावेत म्हणून आम्ही चित्रकारांनी वारूळवाडीच्या मंगल कार्यालयात चित्रांचा लिलाव ठेवला होता. जाऊन बघते, तर या पठ्ठ्याने माझं चित्र चहाच्या टेबलामागे टांगलेलं!

"तिथं काय भजी तळायला लावलंय?"

त्याने ते काढून समोर मधोमध लावलं. मग हळूच म्हणाला, "रागावल्यावर तुमच्या नाकाचा शेंडा लाल व्हतो... कुणी सांगितलं न्हाई?"

"सांगायची हिंमत पायजे ना!"

म्हणाले खरी, पण मी मघापासून त्याचे निगुतीने खिळा ठोकणारे हात बघत होते. त्याचाच जास्त राग आला.

बोली तोच पुकारणार होता. जैन मंदिरात आरतीच्या मानासाठी बोली लागते, तीही तुपाच्या मणांत. तिथे पुकारून तो तयार झालेला. इथेही सवयीने "पाच मण!" ओरडला. सगळे हसले, मीही हसले... आणि माझं चित्र आलं.

अवसरीला आमच्या मेंढरांच्या वाड्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली माझी आई. महिनोन् महिने ती अशीच बसायची. अंगारेधुपारे झाले, डॉक्टर फार उशिरा भेटले. चित्राला मी नाव दिलं होतं, 'आईचा आजार'.

पारसने पुकारलं, "ध्यानमग्न माता!"

पुढच्या रांगेत त्याच्यासाठी स्थळ घेऊन आलेले पाहुणे होते. त्यांनीच बोली वर नेली. "एक वार... दोन वार..." तिसरा वार झाला की बोली फिरत नाही.

"थांबा!" मी उठलेच. "माझी आई ध्यानाला नव्हती बसली. आजारी व्हती! त्याच आजारासाठी पैसं मागताय, आन् त्याचं नाव घ्यायची लाज वाटती?"

पाहुण्यांनी हात खाली घेतला. "मग नको. आजार कोण दुकानात लावतं?"

पारसचा चेहरा उतरला. क्षणभर माझ्याकडे बघून त्याने माईक घट्ट धरला.

"चित्राचं नाव 'आईचा आजार'. चुकलं माझं. आन् मी... कॉलेज सुटल्यापास्नं मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतोय. घरचे लोकांना सांगत्यात, पित्ताच्या हायेत."

पाहुणे उठून गेले. त्याच्या वडिलांनी, पुनमचंदशेठनी, मान खाली घातली. मग त्यांनी हात वर केला. "घेतलं आमी. नाव तेच राहू द्या."

मी पारसला बाहेर गाठलं. माझे डोळे भरलेले, पण राग तसाच.

"एवढ्या लोकांत कशाला सांगितलंस? आता तुला पोरगी कोण देईल?"

"अवसरीला येऊन विचारीन म्हणतो... पण तिकडची पोरगी लई रागीट हाय."

"हायेच! आन् राग कमी व्हणार न्हाई."

"चालंल की."

मला तो आवडला होता. सकाळपासूनच. त्याचाही रागच आला.

"ये मग. पण गोळ्या खिशात लपवून आणू नको. आईच्या गोळ्या चहासाखरेच्या डब्यांशेजारी असत्यात. तुझ्याबी तिथंच ठिवायच्या."